आधी सांगा, तो बर्फ टाकणार कुठे?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, नाव अर्थातच देत नाही. त्या आणि त्यांचे मिस्टर दोघंही पन्नाशीच्या पुढचे, वर्षभरापूर्वी गावाबाहेर पाच एकर जागा आणि त्यावरचं घर घेतलं. रस्त्यापासून घरापर्यंत १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद खडीचा ड्राइव्हवे, शेवटी चढ, आणि वर्षातले चार महिने बर्फ. पहिला हिवाळा हाताने चालवायच्या छोट्या स्नोब्लोअरवर आणि फावड्यावर काढला, दोघांच्याही कमरेने राजीनामा दिला. आता ट्रॅक्टर घ्यायचा आहे. मिस्टर म्हणतात एकदाच घ्यायचा तर ४० हॉर्सपॉवरचा घेऊ, लोडरसकट (पुढे बकेट उचलणारे दोन हात), म्हणजे बर्फही निघेल आणि खडी, लाकडं, घर गरम ठेवायच्या पेलेटचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांचं) अख्खं पॅलेट, सगळंच उचलता येईल. शेजारी म्हणतात २५ चा पुरे, बकेटनेच बर्फ काढा, वेगळं काही घेऊ नका. डीलर म्हणतो पॅकेज घ्या, मागे ब्लोअर लावून देतो. ताई विचारतात, "यांतलं कोण बरोबर? आणि एकच मशीन दोन्ही कामं नीट करेल का?" आणि पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात: "मिस्टरांना बऱ्याचदा रात्रपाळी असते त्यामुळे सकाळचा बर्फ मलाच काढावा लागणार. मला मानेचा त्रास आहे आणि खरं सांगू का, ट्रॅक्टरची भीती वाटते."

ताई, ही बारीक अक्षरातली ओळ पत्राच्या सुरुवातीला हवी होती. तिघं पुरुष मशीनवर मत देऊन मोकळे झाले आणि चालवणार कोण हे एकानेही विचारलेलं दिसत नाही. मागे लावायचा ब्लोअर थ्री पॉइंटवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन टोकांच्या जोडणीवर बसतो, म्हणजे अख्खा ड्राइव्हवे रिव्हर्समध्ये, मान मागे वळवून काढायचा, एक तास, दीड तास, थंडीत. मान धडधाकट असलेली माणसंसुद्धा दुसऱ्या हिवाळ्यात वैतागतात. तेव्हा डीलरचं पॅकेज आहे त्या स्वरूपात तुमच्यासाठी नाही, एवढं तर लगेच सांगून टाकते. बाकीचं जरा सविस्तर बघू.

४० हॉर्सपॉवर. हा आकडा इतका कानात बसलेला असतो की माणूस ट्रॅक्टर त्याच्यावरूनच मोजतो. पण लोडरने उचलायचं काम हायड्रॉलिक पंप, सिलिंडर आणि ट्रॅक्टरची फ्रेम करते, आणि बर्फ ढकलायचं काम करतं ट्रॅक्टरचं वजन आणि टायरची पकड. इंजिनाची ताकद खरी लागते ती पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, काही फिरवायचं असेल तेव्हा, म्हणजे ब्लोअर वगैरे. गंमत अशी की बऱ्याच कंपन्या एकाच फ्रेमवर, एकाच लोडरसकट, तीन-चार वेगवेगळ्या ताकदीची इंजिनं बसवून विकतात. जॉन डिअरचे ३०२५ई, ३०३२ई आणि ३०३८ई बघा, अंगाने सारखेच, लोडरही तोच. म्हणजे २५ वरून ३८ वर गेलात तरी बकेट जास्त उचलेल असं नाही, जास्तीचे घोडे ब्लोअर नसेल तर बहुतेक वेळ बसून राहणार. म्हणून मिस्टरांना म्हणा, माहितीपत्रकात आधी ट्रॅक्टरचं वजन आणि लोडरची क्षमता वाचा, हॉर्सपॉवर शेवटी.

आणि २५ च्या आसपास एवढी गर्दी का असते त्यालाही कारण आहे. अमेरिकेत १९ किलोवॅट, म्हणजे साधारण २५ हॉर्सपॉवरच्या वर गेलं की डिझेल इंजिनाच्या काजळीचे नियम २०१३ पासून फार कडक झाले, युरोपातही रेघ १९ किलोवॅटलाच आहे. त्यामुळे वरच्या इंजिनांना बहुतेक ठिकाणी काजळीचा फिल्टर येतो, तो मधूनमधून स्वतः तापून आतली काजळी जाळतो, आणि त्यासाठी इंजिन चांगलं गरम होऊन अंगावर काम घेऊन चालायला लागतं. रोज सकाळी थंड इंजिन, वीस मिनिटं चालवलं, बंद केलं, हा प्रकार त्याला मानवत नाही. तुमचा वापर नेमका तसाच असणार, म्हणून हा मुद्दा.

आता शेजाऱ्यांचं, की बकेटनेच काढा. जरा आकडे मांडू. १२० गुणिले ३ म्हणजे ३६० चौरस मीटर. त्यावर २० सेंटिमीटर बर्फ पडला की झाले ७२ घनमीटर. छोट्या ट्रॅक्टरच्या बकेटमध्ये ०.२ घनमीटर मावतं असं धरा, म्हणजे ३६० बकेटा! ढकलताना बर्फ दबतो हे मान्य, निम्म्या धरा, तरी १८० वेळा पुढे जा, भरा, मागे या, वळा, ओता. बकेट म्हणजे बर्फाचं फावडंच आहे, मोठं, इतकंच. दाराशी, कोपऱ्यात, किंवा साचलेला ढीग मागे सारायला ती उत्तम, पण १२० मीटर लांबीला बकेट हे उत्तर नव्हे. शिवाय सपाट धारेने ती खडीही खरवडून नेते आणि वसंतात तीच खडी गवतातून दाताळ्याने वेचत बसावं लागतं.

वजनाचं बघा. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो, बसलेला, दबलेला २०० ते ३००, ओला तर त्याच्याही वर. म्हणजे तोच ड्राइव्हवे एका रात्री सात टन असतो आणि दुसऱ्या वेळी वीस टनांच्या वर. याउलट बकेटभर ओली खडी, ०.२ घनमीटर, साडेतीनशे किलोच्या आसपास भरते, तीच बकेट दबलेल्या बर्फाने भरली तर साठ किलो. यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बर्फाला रुंदी आणि आकारमान लागतं, खडीला आणि पॅलेटला वजन पेलणारी ताकद. एकच ट्रॅक्टर दोन्ही करेल, हो, पण पुढे एकच अवजार लावून नाही. म्हणून लोडरला क्विक अटॅच हवंच, ज्यात बकेट काढून दोन-चार मिनिटांत ब्लेड किंवा फोर्क (पॅलेट उचलायचे काटे) लावता येतो. तो स्किड स्टिअरवाल्या (बांधकामावरच्या छोट्या लोडर मशीनच्या) साच्याचा असेल तर पुढेमागे कुठलंही अवजार सहज मिळतं, नुसत्या पिनांवर बसवलेली बकेट घेऊ नका.

बर्फ काढायच्या बाबतीत मात्र मी उलट तुम्हालाच विचारते, तो बर्फ टाकणार कुठे? ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे का, की कुंपण, झाडं, बांध आहेत? जागा उघडी आहे का, वारा बर्फ आणून पुन्हा पुन्हा त्याच खळग्यात भरतो का? पत्रात हे काहीच नाही, आणि सगळा निर्णय यावरच फिरतो.

बाजूला जागा असेल आणि बर्फ एका वेळी पंधरा-वीस-तीस सेंटिमीटर असा पडत असेल, तर पुढे तिरकं करता येणारं ब्लेड हे सगळ्यात सुटसुटीत. पुढे बघत चालवायचं, १२० मीटर चार-पाच फेऱ्यांत साफ, मान सरळ. एवढं लक्षात ठेवा की ब्लेड ३० अंशात तिरकं केलं की १.८ मीटरचं ब्लेड १.५५ मीटरच साफ करतं, आणि तेवढ्या पट्ट्यात ट्रॅक्टरची चाकं मावायला हवीत, नाहीतर न काढलेला बर्फ तुडवत जाल आणि तो तिथे दगड होऊन बसेल. ब्लेडला ट्रिप स्प्रिंग हव्यात, म्हणजे खाली काही अडकलं तर ब्लेड पुढे कलंडून मोकळं होतं. लोडरच्या हातांवर ब्लेड लावून वेगात जाऊन कोपरा गोठलेल्या ढिगावर आपटला की हात पिळवटतात, हे लोकांनी करून बघितलंय, तेव्हा मधल्या किंवा लो रेंजमध्ये (सगळ्यात हळू गतीच्या गिअरमध्ये) सावकाश. आणि लोडरच्या लिव्हरला फ्लोट आहे ना ते बघा, म्हणजे ब्लेड जमिनीच्या चढउतारावर आपल्या वजनाने तरंगत जातं. ब्लेड खाली दाबून धरायचा मोह होतो, पण दाबलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फक्त हातात राहतं, चाकं ऐकत नाहीत.

ब्लेडची खोड एकच, ते बर्फ नाहीसा करत नाही, बाजूला लोटतं. डिसेंबरात लोटलेला बर्फ जानेवारीत गोठून भिंत होतो आणि फेब्रुवारीत रस्ता निम्मा उरतो. त्यामुळे पहिल्याच बर्फाला ड्राइव्हवेच्या कडेपलीकडे अर्धा-एक मीटर आणखी लोटून ठेवायचा, जागा नंतर लागणार म्हणून. जमीन गोठायच्या आधी कडेने काठ्या रोवून घ्या, पांढऱ्यात पांढरं काही कळत नाही. चढावर ढीग उताराच्या बाजूलाच घाला, वरच्या बाजूला घातलात तर दुपारी वितळलेलं पाणी ड्राइव्हवेवर उतरून रात्री काच होणार. आणि खडीवर पहिले एक-दोन बर्फ पूर्ण खरवडायचे नाहीत, ब्लेडच्या खालचे स्किड शू (ब्लेड जमिनीपासून वर धरणारे टेकू) दोन-तीन सेंटिमीटर खाली सोडून वरचा बर्फ काढायचा, खालचा दबून गोठला की खडी जागच्या जागी बांधली जाते आणि मग निर्धास्त काढा.

वारा बर्फाचे उंच ढिगारे आणून टाकत असेल, किंवा दोन्ही कडांना भिंत असेल, तर मग ब्लोअरच, त्याला पर्याय नाही. बर्फ गिळून लांब फेकायची ही कल्पना कॅनडातल्या क्युबेकच्या आर्थर सिकार्डने १९२५ च्या सुमाराला यंत्रात उतरवली, मळणी यंत्र बघून सुचली म्हणतात, आणि शंभर वर्षांनंतरही मूळ तत्त्व तेच आहे. ट्रॅक्टरचा ब्लोअर बर्फ दहा-बारा मीटर सहज फेकतो, कडेला भिंत होतच नाही. पण तुमच्या मानेसाठी तो पुढे लावायचा, मिड पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या पीटीओवर चालणारा हवा. मागचा पीटीओ ५४० आरपीएमला फिरतो, मिड पीटीओ साधारण २००० ला, आणि तो सगळ्या ट्रॅक्टरांना नसतो, हे घेण्याआधी विचारायचं, नंतर नाही. पुढे ब्लोअर लावायचा तर बऱ्याच मॉडेलांत अख्खा लोडर उतरवून ठेवावा लागतो, म्हणजे चार महिने पॅलेट कोण उचलणार? इथे हॉर्सपॉवरही मोजा, ५ फुटी ब्लोअरला पीटीओवर २० च्या आसपास हवी, आणि इंजिनावर २५ लिहिलेल्या हायड्रोस्टॅटिक (गिअर न बदलता, तेलाच्या दाबावर पेडलने चालणाऱ्या) ट्रॅक्टरच्या पीटीओवर १८-१९ च पोचते. म्हणजे मिस्टरांचा मोठा आकडा बरोबर ठरायची हीच एक परिस्थिती. ब्लोअर तुंबला तर इंजिन बंद, सगळं फिरायचं थांबलं याची खात्री, आणि मग काठीने, हात कधीच नाही. शिअर बोल्ट (बाकी काही मोडू नये म्हणून मुद्दाम आधी तुटणारा) तुटला तर तसाच मऊ बोल्ट घालायचा, कडक घातलात तर पुढच्या वेळी बोल्टऐवजी गिअरबॉक्स जाईल.

आता पॅलेट. पेलेटच्या १८-१८ किलोच्या ५० पिशव्या म्हणजे ९०० किलो, अधिक लाकडी पॅलेट, अधिक फोर्कचं स्वतःचं ७०-१०० किलो वजन. माहितीपत्रकात लोडर ७०० किलो उचलतो असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा पिनांपाशी, म्हणजे लोडरच्या हातांना बकेट जोडलेली असते तिथे, मोजलेलं असतं, पॅलेटच्या वजनाचा मध्य त्याच्या अर्धा-पाऊण मीटर पुढे असतो, आणि तिथे क्षमता बरीच खाली येते. अख्खं पॅलेट उचलायचंच असा हट्ट धरलात तर फार मोठ्या आणि जड मशीनपर्यंत जावं लागेल, जे मग तुमच्या वळणावर फिरणार नाही आणि हिरवळीवर चऱ्या पाडेल. पण हट्ट कशाला? वर्षातून किती पॅलेट येतात, तीन, चार? पिशव्या मोजून पॅलेटचे तीन भाग करा, तीन खेपा करा, एक तास जाईल. एका तासासाठी मोठा ट्रॅक्टर बाराही महिने कशाला पोसायचा.

आणि आता ज्यावर कोणीच बोललेलं नाही ते, मागचं वजन. मी एकदा ओल्या खडीची भरलेली बकेट घेऊन उतारावरून खाली येत होते, मागे काही लावलेलं नाही, टू व्हील ड्राइव्हमध्ये, कारण कोरडं होतं आणि मला वाटलं काय होतंय. मध्यावर मागची चाकं हलकी झाली आणि ट्रॅक्टर घसरगुंडीवर बसल्यासारखा निघाला, ब्रेक दाबला तर काहीच नाही. काहीच नाही कारण बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात, आणि मागची चाकं जमिनीला नीट टेकलेली नसतील तर ब्रेक असून नसल्यासारखे. बकेट खाली टेकवली म्हणून थांबले. घरी येऊन अर्धा तास हात थरथरत होते. तेव्हापासून लोडर लावलेला असेल तर मागे वजन आणि उतारावर फोर व्हील ड्राइव्ह, याला सुट्टी नाही.

मागे किती वजन ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. थ्री पॉइंटवर अडकवायचा वजनाचा डबा मिळतो, त्यात ०.१५ घनमीटर काँक्रीट ओतलं तरी साडेतीनशे किलो होतात. टायरमध्ये द्रव भरूनही वजन वाढतं आणि पकड चांगली येते (नुसतं पाणी नको, गोठेल, कॅल्शियम क्लोराइड भरलंत तर गळतीने रिम गंजते, बीटाच्या रसाचं द्रावण महाग पण गंजवत नाही), पण पुढच्या अॅक्सलवरचा भार कमी करायचा तर वजन मागच्या अॅक्सलच्याही मागे टांगलेलं हवं, तरफेसारखं. तुमच्या बाबतीत मी डब्याऐवजी बॉक्स ब्लेड (मागे ओढायचं, खडी सारखी करायचं पेटीसारखं अवजार) सुचवेन, तो जड बघून घ्यायचा, म्हणजे वजनाचं काम बऱ्यापैकी होतं आणि वसंतात खडीचा ड्राइव्हवे पुन्हा सारखा करायला तोच लागणार आहे. मॅन्युअलच्या आकड्याला कमी पडला तर वर टायरमध्ये द्रव.

टायरचं पटकन. डीलर बहुधा आर-४, औद्योगिक टायरवाला ट्रॅक्टर दाखवेल, लोडरला ते मजबूत, पण बर्फाच्या काचेवर ते कडक रबर स्केटिंग करतं. तुमच्या चढासाठी मागच्या चाकांना चेन घ्याच, आणि चेन घातल्यावर फेंडरला घासत नाही ना ते डीलरच्या अंगणातच घालून बघा. गिअर की हायड्रोस्टॅटिक, यावर लोक तासन् तास भांडतात, तुमच्या कामाला हायड्रोस्टॅटिक, पुढेमागे सारखं करायचं आहे आणि पाय काढला की मशीन थांबतं, नवख्या माणसाला हे फार मोलाचं. थंडीत डिझेल घट्ट होतं, हिवाळी डिझेल भरा किंवा औषध आधीच टाका, घट्ट झाल्यावर टाकून उपयोग नसतो. ब्लॉक हीटर (इंजिन आधीच गरम करणारा विजेचा हीटर) बसवून घ्या, टायमर लावून दोन-तीन तास आधी सुरू, आणि चालू झाल्यावरही हायड्रॉलिक तेल गरम व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या, पण गॅरेजचं दार बंद ठेवून नाही, धूर जीव घेतो. केबिन मिळाली तर थंडीत सुख आहेच, फक्त गॅरेजच्या दाराची उंची आधी मोजा, केबिन काय किंवा ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवणारी डोक्यामागची कमान काय, सात फुटी दारात अडकायची शक्यता भरपूर. ती कमान घडीची असेल तर गॅरेजबाहेर आल्याबरोबर उभी करायची आणि पट्टा बांधायचा. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना ती १९५९ मध्येच सक्तीची केली, उगाच नाही. कमान खाली असताना मात्र पट्टा बांधायचा नाही.

मग घ्यायचं काय? बाजूला बर्फ टाकायला जागा आहे असं धरून मी सांगते: २५ च्या आसपासचा, पण सगळ्यात छोट्या गटातला नव्हे, त्याच्या वरच्या फ्रेमचा, नुसता ट्रॅक्टरच १२०० किलोच्या आसपास भरेल असा, फोर व्हील ड्राइव्ह, हायड्रोस्टॅटिक, क्विक अटॅचचा लोडर, पुढे तिरकं होणारं ब्लेड, मागे बॉक्स ब्लेड, मागच्या चाकांना चेन. मिस्टरांच्या ४० मधून जे पैसे वाचतील ते ब्लेड आणि चेनला. आणि तो जुना हाताने चालवायचा ब्लोअर विकू नका! फाटकापाशी, पायऱ्यांजवळ, आणि फेब्रुवारीत कडांच्या भिंती मागे सारायला तोच उपयोगी पडेल.

अजून एक शक्यता, आणि ही कोणी विकायला येत नाही म्हणून मीच सांगते. या हिवाळ्यात बर्फ काढायचं काम कोणाला तरी ठरवून द्या, पेलेट खेपेखेपेने आणा, आणि वहीत लिहा की लोडर हाताशी असता तर किती तास चालला असता. वर्षाला वीस तासही भरत नसतील तर ट्रॅक्टर हा शौक आहे, शौक असायला काहीच हरकत नाही, फक्त त्याला गरज म्हणू नका. लाकडं, खडी, पाच एकरांचं गवत धरून तास साठ-सत्तरच्या वर गेले तर पुढच्या उन्हाळ्यात डोळे मिटून घ्या.

भीतीचं म्हणाल तर ती असू द्या, मला आजही उतारावर असते. बर्फ पडायच्या आधी, कोरड्यात, सपाट मोकळ्या जागेवर, लो रेंजमध्ये, मिस्टर घरी नसताना दोन दुपारी घ्या. मातीचा एक ढीग इकडून तिकडे न्या आणि परत आणा, बकेट गुडघ्याच्या वर न उचलता. एका हाताने लोडरची लिव्हर, दुसऱ्याने स्टिअरिंग, हे जमायला तीन-चार तास लागतात, नंतर हात आपोआप जातो. आणि डीलरकडे जाल तेव्हा सीटवर मिस्टरांच्या आधी तुम्ही चढा, पाय पेडलपर्यंत नीट पोचतात का, मान न वाकवता ब्लेडचे दोन्ही कोपरे दिसतात का बघा. नाही दिसले तर उतरा आणि पुढच्या मॉडेलवर चढा.